थोरलीचा रुपया

नाणी जमवणाऱ्या माणसाला कडी लावलेलं नाणं आवडत नाही. कुणीतरी बाईनं गळ्यात घालायला सोनाराकडून त्यावर कडी झाळून घेतलेली असते. पुढे कधीतरी ती निघते आणि नाण्याच्या कडेला चांदीचा एक ओबडधोबड फोड ठेवून जाते. बादशहाचं नाव, टाकसाळ, नाहीतर सन, जे आपल्याला हवं असतं ते हमखास त्या फोडाखाली दबलेलं असतं. अशी नाणी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत असे. चांगल्या नाण्यांसाठी लाकडी ट्रे होता, प्रत्येकाला कापडाचा खण आणि खाली चिठ्ठी. डब्यातल्यांना चिठ्ठी नव्हती. तो डबा अजून माझ्याकडे आहे, पण उघडायचा धीर होत नाही.

माझी माय मी दीड वर्षाचा असताना तापानं गेली. तिचा फोटो नाही. फुलं-भाजी पिकवून बाजारात नेणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरात त्या काळी फोटो कोण काढणार? लुगडी वाटून टाकली होती. वडील तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. तिचं म्हणून या जगात एकच उरलं होतं, तिच्या माळेतला चांदीचा एक जुना रुपया, आणि तो माझ्या दुसऱ्या आईच्या गळ्यात होता.

आमच्याकडे बिजवराला मुलगी दिली की पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा टाक नवीच्या गळ्यात पडतो. थोरलीला असा मान दिला की ती शांत राहते, धाकटीच्या संसाराच्या वाटेला जात नाही, असं मानतात. बहुतेक लोक सोनाराकडून चांदीचा नवा पत्रा ठोकून घेतात. वडिलांनी मात्र मायचाच रुपया दिला आणि तो काळ्या दोऱ्यात ओवून लग्नाच्या दिवशी बांधला गेला. बांधला त्या वेळी नवरी सतरा वर्षांची होती.

मी तिला मावशी म्हणत असे. तिनंच तसं शिकवलं होतं. "मले मावशी म्हन. माय इथं हाय," असं म्हणून ती रुपया माझ्या कपाळाला टेकवी. सकाळी कुंकू आधी रुपयाला, मग स्वतःला. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग नेसायचं. पुरणाचा पहिला घास त्याचा. आणि बोलणं तर अखंड. अकोल्याच्या कडेला, मोर्णा नदीच्या अंगाला आमचा मळा होता. सकाळी ओट्यावर ती हार ओवत बसे, आणि सुई खाली ठेवली की उजव्या हाताचा अंगठा आपोआप रुपयावर जाई. "पाह्य व, तुहा लेक आता चवथीत गेला." "यंदा शेवंतीवर कीड पडली व, काय करू सांग." मग उत्तर ऐकल्यासारखी जरा थांबे, मान हलवी, आणि पुन्हा सुई हातात घेई. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट मी त्या रुपयाला टरकून असे, कारण शाळेत खाल्लेला मार मी सांगायच्या आधी मायला कळलेला असे.

मग मी शिकलो. शिकलेल्या माणसाला सगळ्यात आधी लाज वाटते ती घरच्यांची, आणि मी त्याला अपवाद नव्हतो. अमरावतीच्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर झालो, खोली घेतली, आणि सुट्टीला घरी गेलो की मावशीचं ते पुटपुटणं ऐकून माझं डोकं उठे. "कुणाशी बोलतेस?" मी एकदा चिडून विचारलं. "जिच्याशी तू बोलत नाही तिच्याशी," ती म्हणाली आणि हार ओवत राहिली.

नव्या पैशांचं नाणं निघालं त्या सुमारास तांबटांच्या दुकानांत जुनी तांब्याची नाणी पोत्यानं येऊन पडू लागली होती. वितळवायला टाकण्याआधी ती उकरायला मी रविवारी जाऊन बसे. ओळखता एकही येत नसे. पुस्तकं मिळत नव्हती, मिळाली तर कळत नव्हती. शेवटी कुणीतरी अचलपूरच्या एका म्हाताऱ्या उस्तादांचं नाव सांगितलं. उर्दू शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. एसटीनं दोन तास धक्के खात त्यांच्याकडे जायचं आणि ओसरीवर बसून अक्षरं गिरवायची. त्यांनी मला शिकवलं की फारसी नाणं आपल्या पुस्तकासारखं वरून खाली वाचायचं नसतं. पुष्कळदा खालच्या ओळीतून वर चढावं लागतं. 'जर्ब' हा शब्द सापडला की टाकसाळीचं गाव आसपासच असतं. ठसा मोठा आणि चांदीची टिकली लहान, म्हणून निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच राहून गेलेली असतात. उरलेल्या निम्म्यांवरून बाकीची ओळखायची. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद नाण्यावर दाबून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं घासला की डोळ्यांना न दिसणारं अक्षर कागदावर उठतं, हेही त्यांचंच. आणि पहिल्याच दिवशी दम भरला होता: "धोना मत मियाँ. मैल भी सिक्के का बयान है."

दोन वर्षांत मला बऱ्यापैकी कळायला लागलं. बऱ्यापैकी कळणं फार वाईट. काहीच न कळणारा माणूस विचारून तरी पाऊल टाकतो.

त्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा मावशीचे हात झेंडूनं पिवळे झाले होते. तिच्या गळ्यातल्या रुपयाकडे मी पहिल्यांदाच जमवणाऱ्याच्या नजरेनं बघितलं. दिल्लीच्या बादशहाचा होता. एका बाजूला 'जर्ब' स्वच्छ दिसत होतं, आणि त्याच्या पुढचं गावाचं नाव कडीच्या झाळीखाली गेलं होतं. फोडाच्या बाहेर एका अक्षराचं शेपूट तेवढं डोकावत होतं. ते शेपूट मला आपल्याच अचलपुराचं वाटलं, जुन्या एलिचपूरचं. तिथल्या टाकसाळीचा रुपया सहसा हाताला लागत नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, दुसरा शब्द नाही.

"मावशी, हा थोडे दिवस दे. काय लिहिलंय ते वाचून देतो."

"तिचं नाव हाय का त्याच्यावर?"

"नाही. बादशहाचं आहे. कुठल्या गावी पाडला ते कळेल."

"मंग काहून?"

 तेव्हा मी जे शस्त्र काढलं त्याची मला आज शरम वाटते. मी म्हणालो, "तिचं माझ्यापाशी काय आहे? तुझ्या गळ्यात तरी आहे. मला तर तिचं तोंडही माहीत नाही."

ती उठली. हात धुऊन आली, दोरा डोक्यावरून काढला. पंचवीस वर्षांच्या दोऱ्याचा फिकट वण गळ्याभोवती राहिला होता. रुपया माझ्या तळहातावर ठेवताना तिनं बोटं लगेच सोडली नाहीत. "तुही माय हाय. तू मांगतली तं मी कोन नाही म्हननारी? पन अक्षय तृतीयेले तिची घागर भरा लागते. त्याच्या आधी तिले घरी आनून दे." अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात. मी हो म्हणालो. मनात तेव्हा खरंच परत द्यायचं होतं.

अमरावतीच्या सराफ्यातल्या एका सोनारानं कडी काढून दिली. फुंकणीनं झाळ ऊन करता करता तो म्हणाला, "मास्तर, हळदी-कुंकवाचा थर बसला आहे यात. पूजेतला दिसते. पाहून घ्या बरं." मी म्हटलं, काढ. खोलीवर येऊन मी उस्तादांचा पहिला नियम मोडला. रिठ्याच्या पाण्यात रुपया घातला आणि दातांच्या ब्रशनं घासला. पंचवीस वर्षांचं कुंकू वाटीत उतरलं. पाणी लालसर झालं, ते मी मोरीत ओतलं.

गाव एलिचपूरच होतं. मी शनिवारीच अचलपूर गाठलं. उस्तादांनी चांगला डोळा नाण्याला भिडवला, वाचलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग नाणं उलटं केलं आणि कडेवरून बोट फिरवलं. मागच्या बाजूला कडेला एका ठिकाणी अक्षरं पार गेली होती. बोट ठेवलं तर बसेल एवढा गुळगुळीत खळगा झाला होता.

"यह बाजार की घिसाई नहीं है," ते म्हणाले. "बाजार में सिक्का चारों तरफ से घिसता है. यह एक ही अंगूठा है. बरसों का. किसीने इससे बातें की हैं, मियाँ. जिसका है उसको दे दो."

नाणं कसं ओळखावं हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांनी ते नाणं पूर्ण ओळखून माझ्या हातात दिलं होतं. मी हसलो. उस्ताद म्हातारे झाले, असं मला वाटलं.

अमरावतीत तेव्हा एक निवृत्त अधिकारी राहत होते, माझ्यापेक्षा मोठे जमवणारे. त्यांच्याकडे तांब्याचं एक जाडजूड नाणं होतं. ते वऱ्हाडच्या जुन्या सुलतानांचं, असं ते सांगत, आणि मलाही तसंच दिसत होतं. दिल्लीच्या अमलाच्याही आधीचं, आपल्या मातीतलं, कुणी सहसा न पाहिलेलं. त्यांना एलिचपूरचा रुपया हवा होता. अदलाबदल करू म्हणाले. मी चार दिवस मागून घेतले, आणि ते चार दिवस स्वतःला समजावण्यात घालवले. धातूत कुणी राहत नसतं. मावशीला कडीचा एक जुना रुपया गळ्यात असल्याशी मतलब. कुठला बादशहा, कुठली टाकसाळ, तिला काय त्याचं? उलट तिच्या डोक्यातलं ते खूळ आपोआप जाईल. आपल्याला हवं तेच योग्य कसं हे पटवायला शिक्षण भारी कामाला येतं.

पाचव्या दिवशी नाणी बदलली. त्यांनी मायचा रुपया रुमालाच्या टोकानं पुसून खिशात टाकला.

आता घरी न्यायला रुपया हवा होता. मी बिस्किटांचा डबा उपडा केला आणि त्यातून जवळपास तशाच मापाचा, वजनाला गुंजभरच कमी, कडी निघालेला एक रुपया निवडला. त्याच सोनाराकडून त्याला कडी लावून घेतली. सोनारानं रुपयाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फुंकणी उचलली. खोलीवर मी त्या रुपयाला तेल चोळलं, हळद चोळली, कुंकू चोळलं, चुलीच्या राखेत चार दिवस पुरून ठेवला. खोटी नाणी पाडणाऱ्यांना मी वर्गात पोरांपुढे शिव्या घालत असे. त्यांचं सगळं कसब मला कुणी न शिकवता येत होतं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी बडनेऱ्याला गाडी पकडून घरी गेलो. मावशीनं रुपया घ्यायला ओंजळ पुढे केली.  तिनं तो पाहिला, उलटा केला, अंगठा एकदाच त्यावरून फिरवला.

"झालं तुहं काम?"

"झालं."

"वाचलं काय लिवलं थे?"

"आपल्या अचलपूरचा आहे," मी म्हणालो. ते तेवढं खरं होतं आणि खोटंही होतं.

"बरं झालं. लई दूरचा नाही मंग," ती म्हणाली आणि दोरा गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी थोरलीची घागर भरली, पन्हं झालं, वडील जेवले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा मी दिवसभर तिच्या हातांकडे बघत होतो. काहीच झालं नाही. संध्याकाळपर्यंत मला हायसं वाटलं.

पण पुढच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा सकाळी जाग आली ती शांततेनं. ओट्यावर मावशी हार ओवत होती. सुई खाली ठेवली की हात मांडीवर पडून राहत. कुंकू रुपयाला लागत होतं, घास दाखवला जात होता, सगळं रीतसर. बोलणं तेवढं थांबलं होतं. मी वडिलांना विचारलं, मावशीची तब्येत बरी आहे ना? ते म्हणाले, "वय झालं. आता कमीच बोलते." ती तेव्हा पंचेचाळीसचीही नव्हती. मी ते कारण मुकाट्यानं घेतलं, कारण दुसरं कारण मला माहीत होतं.

माणूस भुताला भितो. मी त्या घरात उलट्याच भीतीत राहू लागलो. लहानपणापासून कुणीतरी तिथं होतं, माझा अभ्यास, माझा ताप, शेवंतीची कीड सगळं ऐकणारं, आणि आता ते कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून आत पाऊल टाकताना ती रिकामी जागा अंगाला लागे. माय दीड वर्षाच्या मला सोडून गेली तेव्हा मी रडलो की नाही, ठाऊक नाही. तिला मी दुसऱ्यांदा घालवली तेव्हा मात्र मी तीस वर्षांचा जाणता माणूस होतो.

ते तांब्याचं नाणं उस्तादांना दाखवायला मी वर्षभर टाळत होतो. अखेर नेलं. त्यांनी हातावर तोललं, आणि बघायच्या आधीच म्हणाले, "बहमनी. अशी तर तांबटाकडे पोतंभर मिळतात, मियाँ." मराठीत म्हणाले, म्हणजे मला नीट कळावं. वऱ्हाडच्या सुलतानाचं म्हणून मी जे वाचलं होतं ते मला वाचायचं होतं म्हणून वाचलं होतं. "किसके बदले लिया?" त्यांनी विचारलं.  त्यांनी नाणं माझ्यापुढे सरकवलं आणि आत चहा सांगायला गेले.

मी त्या अधिकाऱ्यांकडे धावलो. घराला कुलूप. ते मुलाकडे परगावी गेले होते आणि तिथंच वारले, सगळी नाणी मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं उचलली, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. व्यापाऱ्याला मी तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हापासून जिथं म्हणून जुना रुपया दिसला, गुदडी बाजारात, सराफाकडे, कुणाच्या देव्हाऱ्यात, तिथं मी तो उलटा करून बघितला आहे. 'जर्ब' नाही, गाव नाही. आधी अंगठा ठेवून बघायचा, खळगा लागतो का. लोक मला मोठा जाणकार समजतात.

सात-आठ वर्षांनी मावशीच्या पोटात गाठ झाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. उन्हाळा होता, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला होता, वडील बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. दुपारी तिनं मला जवळ बसवलं.

"आता तिले आन," ती म्हणाली.

मला कळलं, तरी मी विचारलं, "कुणाला?"

"थोरलीले. लई वर्सं ठेवली तू तुह्यापाशी. मी मांगतली नाही. मले पहिल्याच दिशी समजलं होतं, आंगठा ठेवल्याबरोबर. म्हटलं, लेकराले माय पाह्यजे, ठेवून घेतली तं घेऊ दे. त्याच्यापाशी तरी बोलत असन." दम लागला म्हणून ती थांबली. "आता मी तिच्याकडंच जाऊन राह्यली. तिच्या हातात हात पाह्यजे. एकडाव दे."

इतकी वर्षं ती समजत होती की मी मायला ट्रेमध्ये, कापडाच्या खणात, उशाशी घेऊन बसलो आहे. मी तिला अदलाबदलीत देऊन टाकली होती, हे माझ्या तोंडून बाहेर पडेना. "आणतो," म्हणालो, आणि एसटीनं अमरावतीला आलो.

माझ्या ट्रेमध्ये एलिचपूरचा दुसरा एक रुपया होता. इतक्या शोधात तेवढा हाती लागला होता. त्यावरही झाळीचा फोड होता, फक्त खळगा नव्हता. सोनार वारला होता. त्याच्या मुलाकडून मी कडी लावून घेतली, काळा दोरा घेतला. मग खोलीत बसून माझा स्वतःचा अंगठा त्या रुपयाच्या मागच्या बाजूवर घासत राहिलो, सालटं निघेपर्यंत. एका दिवसात खळगा पडत नाही, एवढी अक्कल मला होती. तरी घासला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो.

ती जागी होती. मी रुपया तिच्या उजव्या हातात ठेवला. अंगठा हळूहळू त्याच्यावर चढला, मागच्या बाजूला गेला, तिथं थांबला, आणि जागा शोधत राहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही, त्या अंगठ्याकडेच बघत होतो.

"ही बी ती नाही," ती म्हणाली.

मी रडायला लागलो.  तिनं माझा हात धरला नाही, कारण तिच्या हातात रुपया होता. तो तिनं खाली ठेवला नाही. उलट मूठ मिटली, अंगठा आत घेतला.

"असू दे," ती म्हणाली. "इले बी कोनीतरी गळ्यात घातलीच असन."

आणि इतक्या वर्षांनी मी तिचं ते पुटपुटणं पुन्हा ऐकलं. मिटलेल्या मुठीशी ती बोलत होती. "पाह्य व," म्हणत होती, "तू कोनाची हायेस मले ठाव नाही. पन हा पोरगा वाईट नाही."

संध्याकाळी ती गेली. मूठ उघडू नका, असं मी वडिलांना सांगितलं, आणि रुपया तिच्याबरोबर गेला. अमरावतीला परतल्यावर मी बिस्किटांचा डबा काढला. कडीच्या डागाचे एकवीस रुपये होते त्यात. एकेक उलटा केला, आणि पाचांवर, वेगवेगळ्या जागी, मला अंगठ्याचा खळगा लागला.